स्वच्छ बाटल्या

३ फेब्रुवारी, सोमवार

मुंगी,

त्या सकाळी मी सहाला उठले, चहाचं आधण ठेवलं, तुझ्या बाबांच्या फोटोवरून फडकं फिरवलं आणि पायऱ्या चढून पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत गेले. वाफेच्या ड्रमचे चाप सोडले. आदल्या दिवशीच्या चोवीस बाटल्या आत गार झाल्या होत्या. एकेक काढून खिडकीच्या उजेडात धरली, खळबळायची ती खळबळली, बुचावर कागद ठेवून दोरा गुंडाळला आणि खोक्यात भरली. तेवढ्यात सायकलवाले मामा नळांचे नमुने भरायला खोकं न्यायला आले. आत डोकावून म्हणाले, "वहिनी, तुमच्या बाटल्यांत तोंड दिसतं. आधी सांगायचं, दाढी करून आलो असतो." मी म्हटलं, "दाढीने फरक पडला नसता." मग घरी येऊन तुझा डबा भरला. तू केस विंचरत होतीस. म्हणालीस, "आई, आज मीटिंग आहे." मी म्हटलं, "मग भांग सरळ पाड."

एवढंच बोलणं झालं. संध्याकाळी तुझ्या हातात कामावरून कमी केल्याचा कागद आला आणि तिसऱ्या दिवशी तू घर सोडलंस. आठ महिने झाले. मला मीटिंगपेक्षा ती सकाळच जास्त आठवते. तिच्यात काहीच वावगं नव्हतं.

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्राला हं म्हणता येत नाही, म्हणून लिहितेय. पत्ता मामांकडून घेतला. तू बिस्किटांच्या कारखान्यात ओलावा मोजतेस आणि पाण्याच्या कामाला परत हात लावणार नाही म्हणतेस, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

लिहायला कारण असं की तुझ्या कॉलेजकडून एक फॉर्म आलाय. ते 'आमचे पदवीधर आणि समाज' नावाची पुस्तिका काढतायत. नाव, पद, संस्था, हे सगळे चौकोन नेहमीचेच. शेवटी लिहिलंय : 'आपण समाजासाठी केलेले कार्य (तीन ओळींत).' खाली खरोखरच तीन ओळी आखल्यात, चौथीला जागा नाही. तुला पाठवू की टाकून देऊ ते कळव. तोवर टेबलावर ठेवलाय. उडू नये म्हणून वर तुझ्या बाबांची व्हॉल्व्हची चावी ठेवलीय. ती गेली सहा वर्षं दारामागे टांगलेली होती. आता कामाला आली.

तुझा पांढरा कोट खुंटीलाच आहे. शिवणवालीने तुझ्या उंचीला बेतून शिवलेला, दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही.

इकडे ठीक आहे. खालच्या गल्लीत परत कावीळ निघालीय, सात घरांत. पाण्याचे अहवाल मात्र चांगले आहेत.

आई


९ फेब्रुवारी, रविवार

मुंगी,

उत्तर नाही. मी वाट पाहत नव्हते, फक्त पोस्टमन दिसला की चष्मा शोधत होते.

खालच्या गल्लीच्या लोकांनी वर तक्रार केलीय. वीस तारखेला मुख्य कचेरीतून इंजिनिअर चौकशीला येणार आहेत. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "मावशी, जूनच्या मीटिंगचा विषय निघेल. तुमचं तेव्हा जे म्हणणं होतं, तेच ठेवा. घाबरायचं कारण नाही."

मी घाबरले नव्हते. त्यांनी सांगितल्यावर घाबरले.

जूनमध्ये काय झालं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने एकदा ऐक. तू उभी राहून सांगितलंस की खालच्या गल्लीचं पाणी वाईट आहे. तू स्वतः धुऊन तयार केलेल्या तीन बाटल्यांत नमुने आणले होतेस आणि तिन्ही वाईट निघाले होते. त्याच नळांचे माझ्या बाटल्यांतले नमुने वर्षभर चांगले येत होते. तू म्हणालीस, "नळातून बाहेर येताना पाणी वाईट असतं, बाटलीत बसून बसून चांगलं होतं." सगळे हसले. साहेब म्हणाले, "मग तुम्हालाही काही दिवस बाटलीत ठेवायला हवं." ते बोलणं वाईट होतं, पण मीही हसले. हसू येऊन गेलं, काय करणार.

मग ते चपलांच्या दुकानावर घसरले. तुझं कॉलेज चपलांच्या दुकानाच्या वर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. म्हणाले, "पैसे भरून पदवी घ्यायची, दुकानाच्या माळ्यावर शिकायचं, आणि एकतीस वर्षांच्या प्रयोगशाळेला शहाणपण शिकवायचं. ही खासगी कॉलेजातली पोरं समाजाला देणार काय? घबराट." त्यावर तू मला एक प्रश्न विचारलास. मी त्याचं उत्तर दिलं. जे खरं होतं तेच बोलले, की माझ्या बाटल्या स्वच्छ असतात. साहेब म्हणाले, "घ्या. घरचाच निकाल." तू खाली बसलीस.

मी तुझ्याविरुद्ध बोलले नाही, मुंगी. माझ्या कामाबद्दल बोलले. माझ्याकडे दाखवायला तेवढंच आहे. अक्षरंसुद्धा मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकले, हे तुला माहीत आहे. तुझे बाबा रात्रपाळीहून आले की मी पाठ करून ठेवलेली चिठ्ठी त्यांना वाचून दाखवायचे, आणि ते म्हणायचे, आज वाचनालयात काय नवीन आलं. पुढे पेपर वाचायला लागले, मग पुस्तकं. पण सरकारी कॉलेजात शिकलेल्या माणसाला जास्त कळत असणार, हे काही डोक्यातून गेलं नाही. तुला तिथे थोडक्यात जागा हुकली तेव्हा मी जितकी रडले, तितकी तू रडली नव्हतीस.

फॉर्मवर तुझा परीक्षेचा क्रमांक हवाय म्हणून आज तुझी वह्यांची पेटी उघडली. क्रमांक मिळाला. निळ्या पुठ्ठ्याची वही वाचत बसले. तिच्यात एक पान आहे.

त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज डोळे दुखतायत.

आई


१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगी,

पान सांगते.

वर तारीख आणि 'नमुना बाटली' असं शीर्षक. खाली तू काढलेलं बाटलीचं चित्र, बूच जरा वाकडं. मग तुझ्या अक्षरात : 'नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते जंतू मारत राहतं. म्हणून बाटलीत आधीच थायो या औषधाचे दोन थेंब टाकायचे, ते क्लोरीनला थांबवतात. मग नळाशी जसं पाणी होतं तसंच तपासायला मिळतं. थेंब वाळून तळाला पांढरट डाग पडतो. तो घाण नाही. भरण्याआधी बाटली खळबळू नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा, आणि बाजूला लिहिलंय : 'बाईंनी तीनदा सांगितलं.'

चपलांच्या दुकानावरच्या बाईंनी तीनदा सांगितलं.

मुंगी, तो डाग मी रोज पाहते. तू कामाला लागलीस तेव्हापासून तो दिसायला लागला, त्याआधी तो नव्हता. थेंब टाकायची पद्धत तूच आणलीस. तुझ्या हातची चिठ्ठी अजून त्या औषधाच्या बाटलीवर आहे, 'प्रत्येक बाटलीत दोन थेंब', आणि तुझ्या जागेवर आलेली चष्मेवाली मुलगी ती वाचून इमानाने दोन-दोन थेंब टाकते. मग मी बाटल्या ड्रममध्ये वाफवते. आणि सकाळी डाग दिसला की बूच काढते, उकळून गार केलेल्या पाण्याने बाटली दोनदा खळबळते आणि पुन्हा बूच लावते. चोवीसच्या चोवीस. सकाळी तिथे माझ्याशिवाय कुणी नसतं.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. डाग म्हणजे डाग, मी बाटल्या धुणारी बाई.

पण वहीतलं खरं की माझं, ते मला बघायचं होतं. मंगळवारी बारा बाटल्या वेगळ्या काढल्या. काल सकाळी सहा खळबळल्या, त्यांना पांढरा दोरा बांधला. सहा तशाच ठेवल्या, काळा दोरा. मामांना सांगितलं, खालच्या गल्लीत सहा नळ, प्रत्येकाशी एक पांढरी आणि एक काळी भरा.

"हे काय नवीन, वहिनी?"

"लग्नं जमवतेय. जोडीनेच भरा."

"हुंडा काय देणार?"

"बर्फ वितळायच्या आत परत या."

आले वेळेत. चष्मेवालीने नेहमीसारखं पाणी नळ्यांत भरून उबेच्या कपाटात ठेवलं. तिला दोऱ्यांचं काही बोलले नाही. त्या नळ्यांतली छोटी उलटी नळी मीच धुते, त्यामुळे निकाल मला वाचता येतो. पाणी वाईट असेल तर तिच्यात बुडबुडा धरतो. आज सकाळी पहिल्यांदा बघायचे होते. मी फरशी पुसत पुसत कपाटापर्यंत गेले. दार उघडलं नाही. हात ओला होता, असं स्वतःला सांगितलं.

पक्का निकाल उद्या.

आई


१६ फेब्रुवारी, रविवार

मुंगी,

पांढऱ्या दोऱ्याच्या सहा बाटल्यांत एकही बुडबुडा नाही. काळ्या दोऱ्याच्या सहापैकी पाचांत आहे. नळ तेच, पाणी तेच, सकाळ तीच.

चष्मेवाली नळ्या उजेडाला धरून दोनदा मोजत राहिली. "मावशी, असं कसं होईल? एकाच नळाचं पाणी ना हे?" मी तिला सांगितलं. ती जसजशी ऐकत गेली तसतशी तिच्या चेहऱ्यावरची माझ्याबद्दलची माया पुसली गेली. म्हणाली, "खळबळता? रोज?" आणि स्टुलावर बसली. थोड्या वेळाने उठली आणि साहेब यायच्या आत सगळे आकडे रजिस्टरमध्ये शाईने लिहून सही केली. मी म्हटलं, "अगं, नवीन आहेस, पेन्सिलीने तरी लिही." तर म्हणते, "माझंही कॉलेज खासगीच आहे, मावशी. खाली बेकरी होती. परीक्षेत भूक लागायची, पण पेन्सिलीने निकाल लिहायचा नाही, एवढं शिकवलं होतं."

साहेब आले, रजिस्टर पाहिलं, दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "मावशी, आता हे आपल्या तिघांत. वीस तारीख जाऊ द्या. एकवीसपासून तुम्ही खळबळू नका. निकाल वाईट येतील, मीच कागद चालवतो, गल्लीची पाइपलाइन बदलून घेतो. पाण्याचं काम झालं म्हणजे झालं ना?"

मी विचारलं, "आणि माझी मुलगी?"

"तिला लागली ना नोकरी."

"तिच्या कागदावर लिहिलंय, बाटल्या अस्वच्छ ठेवून खोटी घबराट पसरवली."

"कोण वाचतंय तो कागद?" मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही बोललात तर सगळं तुमच्यावर येईल. माझ्यावर थोडं, तुमच्यावर सगळं. खोलीसुद्धा खात्याची आहे. दोन वर्षं राहिलीत तुमची. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

आणि खरंच भल्याचंच सांगत होते. तुझ्या बाबांच्या वेळी हॉस्पिटलात तीन दिवस बसून होते हे साहेब, ते मी विसरलेले नाही.

तिथून मी तडक खालच्या गल्लीत गेले. नळावर बायका होत्या. म्हटलं, "पाणी उकळून प्या." एक म्हणाली, "नोटीस तर म्हणते पिण्यास योग्य." मी म्हटलं, "नोटिशीला कावीळ होत नाही." त्या हसल्या. किती जणी उकळतील कोण जाणे, कारण का उकळायचं ते मी सांगितलं नाही. गल्लीतल्या एका दारावरून येताना मान खाली घालून आले. शिवणवालीचं दार. तिचं मशीन खिडकीतच आहे, सासूने चादर टाकून झाकलंय.

आता दुसरं. गुरुवारी मी लिहिलं की मला कुणी सांगितलं नव्हतं. ते खोटं आहे.

तू सांगितलं होतंस. पहिल्याच आठवड्यात, मोठ्या टेबलापाशी, साहेब आणि मामा दोघांसमोर. "आई, ड्रममधून निघाल्यावर बाटल्या उघडायच्या नाहीत हं. तळाला पांढरं दिसेल ते औषध आहे." साहेब म्हणाले, "बघा मावशी, मुलीने शिकवणी लावली तुम्हाला." मामाही हसले. मी म्हटलं, "तू दुपट्यात होतीस तेव्हापासून बाटल्या धुतेय मी." चार दिवस तुझं ऐकलं. पाचव्या दिवशी एक बाटली उजेडात धरली, डाग दिसला, आणि मनात आलं, कुणी पाहिलं तर म्हणेल, पोरगी साहेबीण झाली आणि आईने धुणं सोडलं. हात आपोआप गेला, असं लिहिणार होते. आपोआप गेला नाही. मी पाठवला.

आणि मीटिंगमधला तुझा प्रश्न. मागच्या रविवारच्या पत्रात मी तो लिहिला नाही. तू विचारलं होतंस, "आई, तू बाटल्या उघडतेस का?" हो किंवा नाही, एवढंच उत्तर होतं. मी म्हटलं, "माझ्या बाटल्या स्वच्छ असतात." तू माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग खाली बसलीस आणि पुढे एक शब्द बोलली नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? मी रोज विचार करते. कळलं असेल आणि माझ्यासाठी गप्प बसली असशील, तर ते मला सोसणार नाही. कळलं नसेल, तर आपली आई आपल्याविरुद्ध उभी राहिली, एवढंच घेऊन तू गेलीस. दोन्हींत मला सुटका नाही.

त्या संध्याकाळी, हातात तो कागद असताना, तू खालच्या गल्लीत घरोघरी जाऊन उकळायला सांगून आलीस. मी दारातून पाहत होते. मनात म्हटलं, केवढी ही हट्टी.

वीसला चार दिवस आहेत. काय करायचं ते मला माहीत आहे. करवेल का, ते माहीत नाही.

आई


२२ फेब्रुवारी, शनिवार

मुंगी,

आधी एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर बाकीचं लिहून होईल आणि ती राहून जाईल.

तू गेल्यावर खात्याने गल्लीत नोटीस लावली, पाणी पिण्यास योग्य आहे. शिवणवाली मात्र तुझं ऐकून उकळतच होती. सप्टेंबरात मी उसवलेली पिशवी घेऊन तिच्याकडे गेले. सातवा महिना होता तिला, मशीनला पोट टेकत होतं, म्हणून तिरकी बसून शिवत होती. म्हणाली, "काकू, तुमच्या मुंगीने घोट अन् घोट उकळायला लावलाय. उभं राहून पाय सुजतात माझे. खरंच लागतं का ते?" मी म्हटलं, "कशाला जीव काढतेस? माझ्या हातच्या बाटल्यांतून पास झालेलं पाणी आहे. पी खुशाल." तिने पिशवीचे पैसे घेतले नाहीत.

नोव्हेंबरात ती काविळीने गेली. मूलही. मी तुला फोनवर तेवढंच सांगितलं, शिवणवाली गेली. त्या दिवशी तू "हं"सुद्धा म्हणाली नाहीस.

आता गुरुवारचं.

चौकशीचे इंजिनिअर दहाला आले. साहेबांनी अहवालांची चळत पुढे ठेवली, चांगलं, चांगलं, चांगलं. जूनचा विषय निघाला. साहेब म्हणाले, "तेव्हाच्या केमिस्ट बाईंच्या आई इथेच कामाला आहेत. त्यांनी स्वतः सांगितलंय." मला आत बोलावलं. मी जाताना ड्रममधली एक बाटली घेऊन गेले.

इंजिनिअरांना म्हटलं, "साहेब, हिच्या तळाला काय दिसतं?" इंजिनिअरांनी खिडकीकडे धरली. म्हणाले, "पांढरं काहीतरी आहे." मी बूच काढलं, तांब्यातल्या उकळलेल्या पाण्याने दोनदा खळबळून बादलीत ओतलं आणि परत त्यांच्या हातात दिली. "आता?" "आता स्वच्छ आहे." मी म्हटलं, "एकवीस महिने मी हेच करतेय. ते औषध होतं." चष्मेवालीने न बोलावता रजिस्टर आणून बारा नळ्यांचं पान उघडून ठेवलं. साहेबांनी ते मिटायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

मग माझा जबाब. साहेब स्वतःच सांगायला बसले आणि कारकून लिहून घेत होता. माझ्यापुढे कागद आला, सहीच्या जागी फुली मारलेली. मी चष्मा लावला. साहेब म्हणाले, "मावशी, वाचायची गरज नाही, तुमच्या बाजूनेच लिहिलंय." मी वाचलं. चौथ्या ओळीत होतं : 'सदर चूक माझ्याकडून नकळत झाली.'

म्हटलं, "नकळत खोडा."

साहेब म्हणाले, "अहो, त्या एका शब्दावर तुम्ही सुटता."

"तो शब्द राहिला तर तिने मला सांगितलं होतं हे कुठे येतं? खोडा."

कारकून इंजिनिअरांकडे बघायला लागला. ते म्हणाले, "बाई सांगतात तसं लिहा." मग मी सांगितलं आणि त्याने लिहिलं, की माझ्या मुलीने मला बाटल्या उघडू नकोस असं साक्षीदारांसमोर सांगितलं होतं, मी मानाला लागलं म्हणून ऐकलं नाही, आणि मीटिंगमध्ये तिने विचारल्यावर उत्तर टाळलं. साक्षीदार कोण, तर मामांनी दारातूनच हात वर केला. साहेबांनी चष्म्याची काच पुसली. मग म्हणाले, "मीही होतो." त्यांची सही माझ्या सहीखाली आहे.

दुपारी गल्लीचं पाणी बंद केलं. व्हॉल्व्ह गंजून बसला होता, कचेरीतली चावी त्याला लागेना. मामा दारात आले. "वहिनी, दादांची चावी द्या." फॉर्मवरची चावी उचलून दिली. ती लागली. टँकर सुरू झालेत. खोदलं तेव्हा गटाराला लागून पाइपला तडा होता, तू जूनच्या मीटिंगमध्ये नकाशावर जिथे खूण केली होतीस त्याच्यापासून दहा पावलांवर. मला खात्याचं पुढचं पत्र येईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. खोलीचं पुढच्या महिन्यात ठरेल. तुझा जुना कागद मागे घ्यायची शिफारस इंजिनिअरांनी माझ्यासमोर लिहिली. मी तीही वाचली.

चावी नव्हती, त्यामुळे फॉर्म वाऱ्याने उडून खाली पडला होता. उचलला आणि तुला न विचारता भरला. तीन ओळी अशा :

'बाटलीत दोन थेंब टाकायची पद्धत आणली.
पाणी वाईट आहे असं सर्वांसमोर सांगितलं, घरोघरी जाऊन उकळायला लावलं.
तिचं ऐकलं असतं तर खालच्या गल्लीत शिवणयंत्र चालू असतं.'

तिसरी ओळ ते छापणार नाहीत. तरी राहू दिलीय. पोस्टात टाकलाय.

तू परत ये असं मी लिहीत नाही. पाण्याच्या कामाला परत जा, एवढं मात्र लिहिते. बिस्किटं कुणीही मोजेल. तुझा कोट धुऊन, इस्त्री करून या पत्राबरोबरच पाठवतेय. खिशाची शिवण जराही उसवलेली नाही.

गुरुवार असा गेला. दुसऱ्या दिवशी मी खालच्या गल्लीत गेले, शिवणवालीच्या सासूच्या दारात उभी राहिले, आणि सप्टेंबरात तिच्या सुनेला मी काय सांगितलं होतं ते तिला सांगितलं.

आई